पंखा दोनवर की तीनवर

डोंबिवलीत एका ताईंच्या घरी दर रविवारी सकाळी आठ ते नऊ आमची सामूहिक साधना असते. सोफा बेडरूममध्ये ढकलायचा, टीव्हीवर चादर टाकायची, सतरंज्या अंथरायच्या, की झाला ध्यानाचा हॉल तयार. आम्ही सगळे विपश्यनेचे जुने साधक. 'जुने' हे वयावरून नव्हे. दहा दिवसांचं एक शिबिर पुरं केलं की विशीतला पोरगाही जुना होतो. पण आमच्यातले बहुतेक दोन्ही अर्थांनी जुने आहेत.

नेमाने येणारे अकरा जण. प्रत्येकाच्या साधनेच्या वर्षांची मी एकदा बेरीज केली. (ती डोळे मिटून, साधनेच्या तासातच केली, हे कबूल करून टाकतो.) उत्तर आलं १७०. म्हणजे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली, साधारण तेव्हापासून एकच माणूस मांडी घालून बसला असता, तर तो आत्ता कुठे उठला असता. एवढ्या तपश्चर्येनंतर दर रविवारी आठला पाच मिनिटं कमी असताना आमच्यात जो प्रश्न उभा राहतो, तो असा: पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर?

पंख्याच्या बरोबर खाली बँकेतून निवृत्त झालेले काका बसतात. वारा पोचत नाही त्या कोपऱ्यात एक माजी मुख्याध्यापिका बसतात, त्यांना आम्ही बाई म्हणतो. मागच्या महिन्यातला संवाद जसाच्या तसा देतो.

"काका, तीनवर करू का जरा?"

"करा की! मला काहीच नाही. मागच्या खेपेला तीनवर होता तेव्हा चार दिवस मान धरली होती, इतकंच. पण ते काय, अनित्यच."

"नको मग. असू द्या दोनवर. घाम येतो मला, पण घाम हीसुद्धा संवेदनाच."

"तेच म्हणतोय मी. संवेदना शेवटी संवेदना असते."

"हो ना. थंडीचीसुद्धा."

यावर दोघेही हसले. ज्यांनी हे हसू जवळून पाहिलेलं नाही त्यांना मी सांगू शकणार नाही. तोंडाचे स्नायू सगळे जागच्या जागी जातात, दात दिसतात, फक्त डोळे त्या कार्यक्रमाला हजर नसतात.

साध्या माणसांचं भांडण कसं गवतासारखं असतं. भडकतं, जळतं, विझतं. हेच काका घरी पंख्यावरून सुनेशी भांडतात तेव्हा दोन मिनिटांत निकाल लागतो आणि तिसऱ्या मिनिटाला चहा होतो. साधकाचं भांडण म्हणजे ओलं लाकूड. त्याला भडकायची परवानगी नाही, त्यामुळे ते धुमसत राहतं, आणि धूर मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत. आमचं पंख्याचं प्रकरण गेली चार वर्षं धुमसतंय.

एका तरुण इंजिनिअरने तोडगा काढला: पहिला अर्धा तास दोनवर, पुढचा तीनवर. कागदावर झकास. पण साडेआठला उठून रेग्युलेटर फिरवणार कोण? सामूहिक बैठक अधिष्ठानाची असते. तासभर हात हलवायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. त्यामुळे सात अठ्ठावन्नला जो आकडा ठरतो तो नऊपर्यंत सुप्रीम कोर्टाचा. म्हणून तर सात अठ्ठावन्नला एवढी गर्दी असते रेग्युलेटरपाशी.

मी स्वतः या वादात कुठल्याच बाजूला नाही. पंख्याचा वारा टकलावर नेमका कुठे आदळतो याचं माझं निरीक्षण जरा सूक्ष्म आहे, एवढंच.

बायकोला मी हे सगळं सांगतो. तिचं म्हणणं, "तुमच्या ध्यानाने या घरात एकच फरक पडला. पूर्वी तुम्ही डोळे वटारून भांडायचात, आता मिटून भांडता."

*

साधकांमध्ये ज्येष्ठता कशी ठरते, हा नाजूक विषय आहे. अहंकार विरघळवायला बसलेल्या माणसांना रांगेत कुठे बसवायचं? शिबिरात जुने पुढे, नवे मागे, एवढी सोपी रीत असते. जुन्यांतही जुना कोण, इथून खरी मजा सुरू होते. दहा दिवसांची शिबिरं किती, हा पहिला आकडा. मग सतिपट्ठान झालंय का. मग वीस दिवसांचं, तीसचं, पंचेचाळीसचं, साठचं. आमच्याकडे माणसांना नावं नाहीतच म्हटलं तरी चालेल. "तीसवाले येणार आहेत का आज?" असं विचारतात. साठवाले एकच आहेत. ते आले की काही न बोलता मधली जागा रिकामी होते, जशी लोकलमध्ये कधीच होत नाही.

आकडा स्वतःहून सांगायचा नसतो. तो निसटू द्यायचा असतो. "मी मोजणं केव्हाच सोडलं. बाविसाव्यानंतर नाही मोजलं." किंवा "नाही हो, डिसेंबरात लग्नाला नाही जमणार, पंचेचाळीस दिवस मी नाहीये." विचारणाऱ्याने पुढे "कुठे?" असं विचारावं म्हणून एक दोन सेकंदांची पोकळी ठेवलेली असते. ती पोकळी ओळखून "अच्छा, अच्छा" म्हणत निघून जायला मी शिकलो आहे. हीही एक साधनाच.

या मोजणीचं मला फारसं नवल वाटत नाही. ही विद्या आपल्याकडे ज्या वाटेने परत आली ती वाटच हिशेबाच्या कचेरीतून जाते. सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल. कचेरीतल्या कारकुनांना त्यांनी ध्यानाला बसवलं. मंडालेत जन्मलेले एक व्यापारी १९५५ साली अर्धशिशीने हैराण होऊन त्यांच्याकडे आले, ते सत्यनारायण गोयंका. १९६९ मध्ये गोयंका भारतात आले, जुलैत मुंबईच्या एका धर्मशाळेत त्यांनी पहिलं शिबिर घेतलं, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं भरू लागली. एक हिशेबनीस, एक व्यापारी. मग शिष्यांच्या डोक्यात खतावणी चालू राहिली तर कुणाला दोष द्यायचा? शिबिराला फी नाही, जेवणाराहण्याचे पैसे नाहीत, सगळं जुन्या साधकांच्या दानावर. पैशाचा हिशेब नाही म्हटल्यावर माणूस दुसरा कशाचा तरी ठेवणारच.

ज्येष्ठतेची दुसरी खूण म्हणजे भिंत. भिंतीला पाठ टेकून बसायची सोय आमच्या हॉलमध्ये फक्त चौघांना आहे, कारण पाचव्या जागी शोकेस येतं. भिंतीवर कुणाचा हक्क? गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांचा, असं ठरलं होतं. त्यावर मणक्यात गॅप असलेल्यांनी विचारलं की गुडघा आणि भिंत यांचा संबंध काय. प्रश्न शास्त्रशुद्ध होता. बिनतोड प्रश्नासारखा राग दुसऱ्या कशाचाच येत नाही.

गुडघेदुखीवर साधा उपाय आहे, खुर्ची. तशा तीन खुर्च्या मागे मांडलेल्या असतात. महाराष्ट्रात जिथे खुर्ची रिकामी आहे आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, अशी एवढी एकच जागा असावी. कारण जमिनीवरून खुर्चीवर गेलेला माणूस परत जमिनीवर येत नाही, असा समज आहे. तीसवाल्यांनी खुर्ची टाळण्यासाठी उशांची जी बांधणी केली आहे ती बघण्यासारखी असते. बुडाखाली दोन जाड, त्यांवर एक तिरकी, दोन्ही गुडघ्यांखाली एकेक, घोट्याखाली नातवाची उशी, तिच्यावर छोटा भीम. सगळी मिळून उंची खुर्चीपेक्षा दीड इंचाने जास्त भरते. पण ती जमीन.

*

वादाच्या तात्त्विक बाजूबद्दलही लिहिलं पाहिजे, नाहीतर वाचकांना वाटेल आम्ही फक्त उशांवरून भांडतो.

शिबिराच्या पहिल्या साडेतीन दिवसांत आनापान असतं, म्हणजे येणाजाणाऱ्या श्वासाकडे बघणं. हळूहळू मन ज्या छोट्याशा जागेवर आणायचं ती नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर. आता ही जागा म्हणजे मिशीची. इंजिनिअरने एकदा निरागसपणे विचारलं, मिशी असेल तर संवेदना मिशीच्या केसांवर बघायची की केसांखालच्या कातडीवर? काकांना झुपकेदार मिशी आहे. ते म्हणाले, केसाला संवेदना नसते, मुळाला असते. बाई म्हणाल्या, मग अडथळाच म्हणायचा की तो. काका म्हणाले, बावीस वर्षांत मला अडथळा जाणवला नाही. बाई म्हणाल्या, न जाणवणं हीच तर अडचण आहे.

काका त्या दिवशी पोहे न खाता गेले. पुढच्या रविवारी सगळ्यांनी आधी त्यांच्या ओठाकडे पाहिलं. मिशी होती. उलट टोकांना जरा पीळ दिलेला वाटला.

त्याहून चिवट वाद लिंबूपाण्याचा. शिबिरात जुन्या साधकांना आठ शीलं असतात, त्यात दुपारी बारानंतर खायचं नाही हे एक. संध्याकाळी पाचला नवे साधक चहा पितात, फळ खातात, आणि जुने समोर बसून लिंबूपाणी घेतात. (नव्याच्या हातातल्या केळ्याकडे जुना साधक ज्या समतेने बघतो त्यावर वेगळा लेख होईल.) आमच्यातले काही जण महिन्यातून एक रविवार घरीच आठ शीलं पाळतात. प्रश्न असा की लिंबूपाण्यात साखर चालते, तर गूळ? गूळ चालला तर मध? कोकम सरबत? कोकमला आगळ म्हटलं की ते पेय होतं, आणि आमसूल म्हटलं तर? आणि ताक? पाणीच असतं की त्यात, एकवाले म्हणाले. एकवाले म्हणजे एकच शिबिर झालेले, त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. पण ते निघून गेल्यावर ताकावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. घुसळलेलं आणि न घुसळलेलं यांत भेद करावा लागेल, इथवर आम्ही आलो होतो.

त्या रात्री मला जरा शरम वाटली म्हणून मी पुस्तक काढून बसलो. थोरांचं काही वाचावं, मन वर उचललं जावं, हा हेतू. आणि काय सांगू, अडीच हजार वर्षं एका झटक्यात गळून पडली.

बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर साधारण शंभर वर्षांनी वैशालीला दुसरी संगीती भरली. सातशे भिक्षू जमले. पाली परंपरेत तिचं नावच सप्तशतिका. कशासाठी? वज्जी देशातल्या भिक्षूंनी दहा सवलती घेतल्या होत्या, त्या योग्य की अयोग्य हे ठरवायला. पहिली सवलत: शिंगाच्या पोकळीत मीठ साठवून ठेवावं का. दुसरी: दुपार टळून सावली दोन बोटं सरकली तरी जेवावं का. आणखी एक: ताडी अजून आंबलेली नसेल तर प्यावी का. म्हणजे आपली नीरा! आणखी एक: बसायचं आसन बिनदशांचं असलं तर चालेल का. दशा म्हणजे कापडाच्या कडेचे सुटे धागे. आसनाच्या झालरीवर सातशे भिक्षू! आणि त्याच यादीत, मी डोळे चोळून परत वाचलं, जेवण झाल्यावर असं दूध घ्यावं का, जे दूध राहिलेलं नाही पण दहीही झालेलं नाही, न घुसळलेलं.

मी बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे विरजण बिघडलेलं," आणि कूस वळवून झोपली. सातशे जणांना जमलं नाही ते.

त्या यादीत सोनंनाणं स्वीकारावं का हाही मुद्दा होता आणि खरं भांडण तिथूनच पेटलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. यश नावाच्या भिक्षूने वैशालीत बघितलं की पाण्याच्या भांड्यात लोकांकडून नाणी टाकून घेतायत, आणि त्याने हरकत घेतली. तो मुद्दा मोठाच. पण म्हणून मीठ आणि दूध कुणी बाजूला ठेवलं नाही. दहाही मुद्दे एकेक करून तपासले. सातशे तोंडं एकदम बोलू लागल्यावर निष्पन्न काही होईना, तेव्हा आठ जणांची समिती नेमली, चार पूर्वेकडचे, चार पश्चिमेकडचे. निवाड्याची उत्तरं दिली सर्वांत ज्येष्ठ स्थविर सब्बकामी यांनी. त्यांना दीक्षा घेऊन १२० वर्षं झाली होती असं विनयपिटकात म्हटलं आहे. १२०! आमच्या साठवाल्यांना हे सांगायचं मी टाळलं. निकाल काय लागला? दहाच्या दहा सवलती नामंजूर.

याहीपेक्षा मला आवडलेली गोष्ट कौशांबीची आहे, आणि ती तर खुद्द बुद्ध हयात असतानाची. (आपले गोव्याचे धर्मानंद कोसंबी, ज्यांनी मराठी वाचकाला बुद्ध वाचायला लावला, त्यांच्या आडनावाचा या गावाशी संबंध नाही. पाली वाङ्मयात या नगरीचं नाव कोसंबीच, त्यामुळे गल्लत होते.) तिथल्या घोषितारामात दोन विद्वान भिक्षू होते. एक विनयाचे जाणकार, एक धर्मोपदेशक. दोघांचेही शिष्य पाच पाचशे. एके दिवशी उपदेशक शौचाला गेले आणि भांड्यात वापरून उरलेलं पाणी तसंच ठेवून बाहेर आले. मागोमाग विनयवाले आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "पाणी आपण ठेवलंत का? हा दोष होतो." उपदेशक म्हणाले, "माहीत नव्हतं. दोष असेल तर प्रायश्चित्त घेतो." विनयवाले म्हणाले, "जाणूनबुजून केलं नसेल तर दोष नाही." मिटलं की नाही? मिटलंच होतं. पण विनयवाले आपल्या शिष्यांत जाऊन म्हणाले, त्या उपदेशकाला दोष कशाला म्हणतात हेसुद्धा कळत नाही. शिष्यांनी ते पलीकडच्या शिष्यांना ऐकवलं. पलीकडून उत्तर आलं, तुमचे गुरू आधी म्हणतात दोष नाही, आता म्हणतात दोष आहे, म्हणजे खोटारडे आहेत. झालं. हजार भिक्षू दोन तटांत. अट्ठकथा सांगते की भिक्षुणी फुटल्या, उपासक फुटले, आणि लोण वर ब्रह्मलोकापर्यंत पोचलं.

बुद्धांनी समजावलं. ऐकलं नाही. परत समजावलं. तेव्हा एका भिक्षूने त्यांना जे सांगितलं त्याचा आशय असा, की भगवंतांनी स्वस्थ बसावं, आमचं आम्ही बघून घेऊ. यापुढे कुठल्याही सोसायटीच्या चेअरमनने आपलं कुणी ऐकत नाही म्हणून रडू नये. बुद्ध उठले आणि एकटे पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले. तिथे एका हत्तीने त्यांची सेवा केली. हत्तीही कळपातल्या रेटारेटीला कंटाळून एकटा राहायला आला होता. दोघांचं छान जमलं म्हणतात.

आणि भिक्षूंचं भांडण मिटलं कसं? ध्यानाने? प्रवचनाने? गावकऱ्यांनी भिक्षा बंद केली. चार दिवस पात्र रिकामं राहिल्यावर सगळ्यांना एकदम आठवलं की आपण भगवंतांची क्षमा मागायला श्रावस्तीला जायला हवं.

ही गोष्ट मी पुढच्या रविवारी पोहे खाताना सगळ्यांना सांगितली. मोठ्या उत्साहाने सांगितली. मनात वाटलं होतं, सगळे हसतील, एकमेकांकडे बघतील. क्षणभर शांतता झाली. मग बाई म्हणाल्या, "तरी मी म्हणतच होते, संडासातला मग पालथा ठेवायला हवा. कुणीतरी भरून ठेवतं."

"डास होतात," तीसवाले म्हणाले.

"कुणीतरी म्हणजे कोण?" काकांनी विचारलं.

ताई पोह्यांचं भांडं घेऊन आत निघून गेल्या. ती भिक्षा बंद करण्याची सूचना होती की खोबरं आणायला गेल्या होत्या, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

*

या दिवाळीत ताईंनी पंखाच बदलला. रिमोटवाला घेतला. पाच वेग, झोपेसाठी वेगळं बटण. आता साडेआठला उठायला नको, बसल्या जागी बोट दाबलं की काम झालं, असं इंजिनिअर म्हणाला. साठवाल्यांनी डोळे न उघडता विचारलं, "बोट हाताचंच ना?" अधिष्ठानात हात हलवायचा नसतो. बोटाचा अग्रभाग हलला तर हात हलला असं मानायचं का, यावर दोन रविवार गेले. शेवटी रिमोट ताईंकडे राहील आणि बैठक सुरू झाल्यावर त्याला कुणीच हात लावणार नाही, असं ठरलं. म्हणजे नव्या पंख्याचं सगळं पुन्हा रेग्युलेटरसारखं झालं, पण निर्णय एकमताने झाला याचं सगळ्यांना समाधान होतं.

गेल्या रविवारी रिमोट सापडेना. टीव्हीवरची चादर झटकली, शोकेसच्या मागे बघितलं, तीसवाल्यांना सगळ्या उशांसकट उठवलं. बाई आदल्या आठवड्यात काका रिमोट कुठे ठेवताना दिसले होते हे आठवायचा प्रयत्न करत होत्या, जरा मोठ्याने. काका म्हणाले, मी रिमोटला स्पर्शही केलेला नाही, पण तुम्ही म्हणता तर असेल. आठ वाजले. रेकॉर्डिंग सुरू झालं. सगळ्यांनी डोळे मिटले.

पहिली काही मिनिटं श्वासावर गेली. मग मी मन डोक्यापासून खाली फिरवायला घेतलं. कपाळ, मान, खांदे, सगळं नेहमीसारखं. डाव्या मांडीपाशी आलो तेव्हा गादीखाली काहीतरी लांबट, टणक जाणवलं. एका टोकाला गोलसर बटणं, मोजली तर सहा. संवेदना अगदी स्पष्ट होती. मी तिच्याकडे समतेने बघत राहिलो. कोपऱ्यातून बाईंचा पदराने वारा घेतल्याचा आवाज येत होता, म्हणजे त्यांचं अधिष्ठान मोडलं होतं.

पंखा दोनवर होता.